शिक्षण आणि संस्कृती : केंद्र शासनाचे दायित्व



शिक्षण व संस्कृती यांविषयीच्या केंद्रीय धोरणाचा विचार करण्यासाठी ही परिषद भरली आहे.

स्वातंत्र्यानंतर मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या शिक्षण मंत्रालयाने ही दोन्ही क्षेत्रे एकत्र सांभाळली. संगीत नाटक अकादमी १९५३ मध्ये आणि साहित्य व ललित कला अकादमी १९५४ मध्ये सुरू झाल्या. खर्च शासनाने उचलावा, पण कोणता ग्रंथ गौरवास पात्र आहे हे साहित्यिकांनीच ठरवावे, हा या अकादम्यांच्या स्वायत्ततेचा, म्हणजे निर्णयस्वातंत्र्याचा, गाभा होता. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथाला १९५५ मध्ये मराठीतील पहिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तो याच व्यवस्थेतून. विद्यापीठ अनुदान आयोगाला १९५६ मध्ये कायद्याचे अधिष्ठान लाभले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे चिंतामणराव देशमुख त्याचे अध्यक्ष झाले, ही महाराष्ट्राने अभिमानाने आठवावी अशी गोष्ट आहे.

शिक्षण हा मुळात प्रामुख्याने राज्यांचा विषय. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्ये या दोहोंना कायदे करता येतील अशा विषयांच्या यादीत, गेला.

पुढे संस्कृतीचे मंत्रालय वेगळे झाले, आणि ही फारकत आज मराठीला विशेष जाणवणारी आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. प्राचीन साहित्यपरंपरेच्या पुराव्यांवर दिला जाणारा हा दर्जा संस्कृती मंत्रालयाच्या कक्षेत येतो. परंतु ‘लीळाचरित्र’ किंवा माहाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’ मुळातून वाचू शकणारा विद्यार्थी घडवायचा, तर त्यासाठी लागणारे जाणते शिक्षक, अभ्यासक्रम, भरलेली प्राध्यापकपदे आणि संशोधनवृत्ती यांची तरतूद शिक्षण मंत्रालय, राज्य शासन व विद्यापीठे यांनाच करावी लागते. हस्तलिखिताचे जतन एका खात्याने केले आणि ते वाचणारा दुसऱ्याने घडवलाच नाही, तर जतनाचा खर्च कपाटापुरता उरतो. म्हणून दोन्ही मंत्रालयांनी व राज्याने मिळून प्राकृत आणि जुन्या मराठीच्या अध्यापनाची एकच योजना आखावी, तिच्या निधीची जबाबदारी आधीच वाटून घ्यावी आणि ग्रंथांची व अभ्यासकांची निवड मात्र तज्ज्ञांवर सोपवावी, असा प्रस्ताव स्वागत समिती या परिषदेपुढे चर्चेसाठी ठेवत आहे.