खंड पडलेली रोजनिशी



गेल्या दिवाळीच्या आवराआवरींत, कळंबच्या आमच्या घरीं माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटींत माझी एक जुनी रोजनिशी हातीं लागली. पहिलीं पन्नास-साठ पानें भरगच्च, पुढचीं एकेका ओळीवर भागविलेलीं, आणि त्यापुढें सारीं कोरीं. शेवटची नोंद २०१५ च्या श्रावणांतली. वही मिटून ठेवणार, इतक्यांत नातीनें विचारलें, “आजोबा, यांत दुष्काळाचं लिहिलंय का हो?”

मी निरुत्तर झालों. आमचें गांव मांजरेच्या कांठीं. त्याच नदीवरील धरण २०१६ च्या उन्हाळ्यांत कोरडें पडलें आणि मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतून पांच लाख लिटर पाणी गेलें, हें छापून आलें आहे. परंतु आमच्या घरीं नळ किती दिवसांनीं येई, घागरी किती भरत, रात्रीं टँकरच्या रांगेंत कोण उभें राही, हें कोठेंच छापलेलें नाहीं. तें लिहिणें माझें काम होतें, आणि नेमका तेव्हांच मी गप्प बसलों होतों.

रोजनिशी मोडते कशी? एखादा दिवस चुकतो. दुसऱ्या दिवशीं दोन दिवसांचें लिहूं असें आपण म्हणतों. आठवड्यानें बाकी इतकी वाढते कीं, सावकारास चुकविणाऱ्या कुळाप्रमाणें आपण त्या वहीसमोर जाण्याचेंच टाळतों. आळसापेक्षां ही लाजच अधिक घातक होय.

अशा वेळीं मला वरसईच्या विष्णुभटजी गोडसे यांचें स्मरण होतें. दक्षिणेच्या आशेनें ते १८५७ सालीं उत्तर हिंदुस्थानांत गेले, झांशीच्या वेढ्यांत सांपडले, मिळविलेलें द्रव्य लुटारूंच्या हातीं गेलें, आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरीं परतले. हा सारा वृत्तान्त त्यांनीं लिहिला तो १८८३ सालीं, म्हणजे सुमारें पंचवीस वर्षांनीं. चिंतामणराव वैद्यांनीं तो १९०७ सालीं ‘माझा प्रवास’ या नांवानें प्रसिद्ध केला. इतक्या काळानें आतां काय लिहावयाचें, असें भटजीबोवांनीं म्हटलें असतें, तर एका साध्या भिक्षुकानें पाहिलेली झांशी आपणांस कायमची अंतरली असती.

चिकाटीचा धडा मात्र विष्णुशास्त्री चिपळूणकरांकडून घ्यावा. १८७४ सालीं त्यांनीं ‘निबंधमाला’ आरंभिली. मास्तरकी सांभाळून, रत्नागिरीस बदली झाली तरीही, बहुतेक एकट्याच्या लेखणीनें त्यांनीं तिचे ८४ अंक वाचकांच्या हातीं दिले. १८८२ सालीं ते वारले तेव्हां त्यांचें वय अवघें एकतीस वर्षांचें होतें. सवड मिळण्याची वाट ते पाहत बसले असते, तर ‘माला’ कधींच गुंफली गेली नसती.

तेव्हां ज्यांच्या घरीं अशी वही पडून असेल, त्यांस माझ्या अनुभवाच्या दोन गोष्टी सांगतों. मागील कोरीं पानें भरून काढण्याच्या भरीस पडूं नये. आजची तारीख घालून सरळ पुढें चालावें. मागचें कांहीं आठवलें, तर तें आठवलेलें म्हणूनच आजच्या तारखेखालीं लिहावें. दुसरें, नेम लहान ठेवावा. दिवेलागणीनंतर पांच ओळी पुरेत : पाऊस झाला का, ज्वारीचा भाव काय, घरीं कोण आलें, कोण गेलें. सुंदर लिहिण्याचा हव्यास धरला म्हणजे लेखणी लवकर थकते.

दिवाळीपासून मी पुन्हां लिहूं लागलों आहें. मधें दोनदां खंड पडला. दोन्ही वेळां त्या दिवसांची जागा मोकळी सोडून पुढें गेलों. दुष्काळाचें जें आठवलें, तें नातीला शेजारीं बसवून, तिच्या आजीला विचारून उतरवून घेतलें. घागरींची संख्या आम्हां उभयतांस निरनिराळी आठवली. दोन्ही लिहून ठेविल्या आहेत.