घाटात तापलेली गाडी
(ट्रस्टच्या महोत्सवानिमित्त सुरत येथे दिलेले व्याख्यान)



चिटणिसांनी आम्हाला ‘शास्त्र आणि रोजचे जीवन’ असा विषय सुचविला होता. विषय थोर आहे. परंतु वीस वर्षे वर्गात शास्त्र शिकविल्यावर एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आहे, ती ही की थोर विषयाला हात घातला की मागच्या बाकांवरची मंडळी प्रथम झोपी जातात. म्हणून आम्ही आज एका मोटारीची हकिकत सांगणार आहोत. मोटार आपल्यापैकीच एका गृहस्थांची आहे. त्यांचे नाव सांगण्याची परवानगी त्यांनी दिलेली नाही, आणि आम्ही ती मागितलेलीही नाही. त्यांना शेठजी म्हणू.

गाडी १९५१ सालची, एम. जी. टी. डी. या जातीची. इंग्लंडात ॲबिंग्डन येथे १९५३ पर्यंत अशा जवळजवळ तीस हजार गाड्या तयार झाल्या, आणि त्यांतील बहुतेक अमेरिकेला गेल्या. दोन माणसांची बैठक, छप्पर कापडी, इंजिन साडेबाराशे सी. सी.चे, चार सिलिंडरांचे. हल्ली आपल्या गुजरातेत हालोलला याच नावाच्या गाड्या निघतात, परंतु नावापलीकडे त्यांचे या आजीबाईशी काही नाते उरलेले नाही. शेठजी तिला रविवारी डुमसच्या रस्त्याने फिरवून आणीत. सपाट रस्ता, समुद्राचा वारा, अर्ध्या तासाचा फेरा. कधी तक्रार नव्हती.

मग पुतण्याचे लग्न धुळ्याला ठरले. नवरदेव याच गाडीतून मांडवात उतरणार, असा शेठजींचा हट्ट. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर असा आपणा सर्वांच्या पायाखालचा रस्ता. नवरदेव पुढे एम. जी.त, आणि मागून एका जीपमध्ये आम्ही, पाण्याचे दोन डबे व आमचा एक जुना विद्यार्थी. हा मुलगा लिंबायतचा. दहावीनंतर एका गॅरेजात कामाला लागला होता आणि या गाडीची देखभाल त्याच्याकडे होती.

कोंडाईबारीचा घाट अर्धा चढलो असू नसू, तोच पुढच्या गाडीतून वाफेचा लोट उठला. नवरदेवाने फेटा सावरीत उडी टाकली. आम्ही शास्त्राचे शिक्षक. परंतु त्या क्षणी आमचे शास्त्र कोठे पळाले कोण जाणे. पाण्याचा डबा घेऊन आम्ही थेट रेडिएटरच्या झाकणाकडे धावलो. मुलाने आमचा हात धरला. “सर, थांबा. झाकण आता उघडायचं नाही. आणि गार पाणी तर मुळीच नको, हेड तडकेल.” त्याचे बरोबर होते. कोंडलेली वाफ झाकण सैल होताच उकळत्या पाण्यासकट तोंडावर येते. तापलेल्या ओतीव लोखंडावर एकदम थंड पाणी पडले तर ते एका बाजूने आकसते, दुसऱ्या बाजूने आकसत नाही, आणि चिरते. तापल्या काचेच्या पेल्याचे उदाहरण देऊन हे आम्हीच त्याला आठवीत शिकविले होते. पाऊण तास थांबलो. नवरदेव एका टेम्पोतून पुढे गेला आणि मांडवात टेम्पोतूनच उतरला.

सुरतेस परतल्यावर चौकशी झाली. पोराने निघताना पाणी भरले नाही, असा ठपका ठेवण्यात आला. गॅरेजच्या मालकाने त्याला कामावरून काढले आणि पंधरा दिवसांचा पगार अडकवून ठेवला. आम्हाला कोणी विचारले नाही, आणि आम्हीही आपण होऊन काही बोललो नाही. खरे सांगायचे तर आमच्याही मनात आले, हा वर्गातही गृहपाठ विसरत असे.

एका संध्याकाळी मगरिबची नमाज आटोपून आम्ही घरी आलो, तर मुलगा ओट्यावर बसलेला. चहाला नको म्हणाला. “सर, सोनगडला चहाला थांबलो तेव्हा मी पाणी बघितलं होतं. गळ्यापर्यंत होतं. तुम्ही शेजारी उभे होता.”

बंधुभगिनींनो, आम्ही शेजारीच उभे होतो. हातात भजी होती, आणि झाकण लावण्याआधी पाण्यात बोट बुडवून दाखविताना आम्ही त्याला पाहिले होते. या गोष्टीचा आम्हाला विसर पडला होता, की ती आठवण्याची आम्हाला गरज वाटली नव्हती, हे आम्ही आजही सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेठजींकडे गेलो. तोवर तज्ज्ञ येऊन गेले होते. रेडिएटरवाला म्हणाला होता रेडिएटर बदला. इंजिनवाला म्हणाला होता हेड उघडा, बोअर करा. ज्याच्या हाती जे हत्यार, त्याला रोग तेथेच दिसतो. आम्ही एवढेच म्हणालो की ताप हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. ताप केव्हा चढतो हे वैद्य आधी विचारतो, मग औषध देतो. शेठजींनी एक रविवार दिला.

शाळेच्या प्रयोगशाळेतला ११० अंशांचा थर्मामीटर रजिस्टरात सही करून आम्ही नेला. मुलालाही बरोबर घेतले. तो नको म्हणत होता.

आता थोडे शास्त्र. जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी जेमतेम चौथा हिस्सा, फार तर थोडा अधिक, चाकांच्या कामी येतो. बाकीची काही धुराच्या नळीवाटे जाते, आणि बरीच पाण्याला वाहून न्यावी लागते. पाणी इंजिनात तापते, वरच्या नळीने रेडिएटरमध्ये येते, बारीक नळ्यांतून खाली उतरताना निवते आणि पंप ते पुन्हा इंजिनात ढकलतो. फोर्डच्या टी मॉडेलमध्ये आणि ऑस्टिन सेव्हनमध्ये हे काम पंपाविना, गरम पाणी वर चढते एवढ्याच आधारावर चाले. म्हणजे गाडी तापण्याची कारणे शेवटी दोनच: उष्णता वाजवीपेक्षा जास्त निर्माण होते, किंवा झाली ती बाहेर पडत नाही.

उभी असताना तापते आणि चालू लागली की निवते, तर दोष वाऱ्याचा. पंखा पाहा, पट्टा पाहा. आमच्या गाडीचे उलटे होते. उभी असताना ती अर्धा तास शांत होती. सुरू करताच रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असते किंवा तेलावर दुधासारखी साय दिसली असती, तर हेड गॅस्केट फुटले असे समजलो असतो. बुडबुडे नव्हते, तेल स्वच्छ होते. ठिणगी उशिरा पडत असेल, किंवा दोन्ही कार्बुरेटर पेट्रोल कमी देत असतील, तरी इंजिन तापते. मुलाने टायमिंग तपासले, प्लग काढून दाखविले; रंग विटकरी, म्हणजे ठीक. रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचले असतील असा आमचा तर्क होता. बोअरिंगचे खारे पाणी घातले की किटलीच्या बुडाशी धरते तसे पांढरे पूड इंजिनातही धरते. रेडिएटर काढून पाणी सोडले. धो धो वाहिले. आमचा तर्क पडला.

तेव्हा गाडी पुन्हा जोडली आणि रस्त्यावर घेतली. उधन्याच्या उड्डाणपुलावर तिसऱ्या गिअरमध्ये चार फेऱ्या मारल्या, मग थांबून तोंडाशी थर्मामीटर धरला: ९४. पाण्यावर दाब असता तर उकळण्याची मर्यादा वर सरकली असती, चौरस इंचावर एका पौंडाला सुमारे पावणेदोन अंश. या गाडीत तो आधार नव्हता. सपाटीवरच ९४, म्हणजे घाटात काय होणार हे उघड होते.

मुलगा मात्र थर्मामीटरकडे पाहत नव्हता. तो बोनेट उघडून नळ्यांना हात लावीत होता. “सर, इथं बघा.” रेडिएटरचे बूड कोमट होते. तेथून निघालेली नळी पंपाकडे जाते, तीही आरंभी कोमट. आणि वीतभर पुढे गेल्यावर हात ठेववेना! कोमट पाणी वाटेत तापेल कसे? तापत नव्हते. त्याच जागी वरून एक आडनळी येऊन मिळत होती, आणि ती भाजत होती.

या आडनळीचे काम असे. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट नावाची झडप रेडिएटरची वाट बंद ठेवते आणि पाणी आडनळीने इंजिनातच फिरवते, म्हणजे ते लवकर ऊब धरते. पाणी तापले की झडप रेडिएटरची वाट उघडते आणि आडनळीची बंद करते. मुलाने वरचे घर उघडले. आत झडपच नव्हती! दोन्ही वाटा सताड उघड्या. उकळते पाणी रेडिएटरला वळसा घालून सरळ इंजिनात परतत होते. डुमसच्या रस्त्यावर ते खपून गेले, घाटात खपले नाही.

आपल्याकडे गाडी तापू लागली की मिस्त्री प्रथम हीच झडप काढून फेकतो. आपला देश गरम, ती विलायती थंडीसाठी, असा समज आहे. झडप अडकून बसली असेल तर तात्पुरता गुण येतोही. पण ज्या इंजिनात ही आडवाट आहे, तेथे झडप काढणे म्हणजे चोरवाट मोकळी करणे होय.

“झडप कोणी काढली?” आम्ही विचारले. शेठजी बराच वेळ गाडीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “आमीच काढायला लावली. लई वर्सं झाली. उन्हाळ्यात.”

मुलाने आडनळीत लाकडी गुटका ठोकला. त्याच आठवड्यात आम्ही तिघे पुन्हा कोंडाईबारीला गेलो, भर दुपारी. माथ्यावर थर्मामीटर ८६ दाखवीत होता. पुढे नवी झडप मिळाली. ती जुन्यासारखी आडवाट बंद करीत नाही, म्हणून त्या नळीत बारीक छिद्राची पितळी चकती बसविली आहे. सगळा खर्च हेड उघडण्याच्या मजुरीइतकाही झाला नाही.

अडकलेला पगार शेठजींनी मालकाकडून देवविला. सोनगडची गोष्ट आम्ही मालकाला आणि शेठजींना समक्ष सांगितली, उशिरा का होईना. मालक मुलाला परत घ्यायला तयार झाला. मुलगा गेला नाही. तो आता पांडेसऱ्यात मागांच्या मोटारी दुरुस्त करतो, आणि रविवारी मन असले तर शेठजींकडे येतो. आमच्याकडे अजून आलेला नाही. थर्मामीटर आम्ही प्रयोगशाळेत जमा केला असून रजिस्टरात तशी नोंद आहे.