दिवसभर पाण्यात, रात्री डोळा लागेना

हा भाग तुम्ही लोकलमध्ये लटकून ऐकताय, चालताना ऐकताय की अंथरुणात पडून, मला माहीत नाही. अंथरुणात असाल तर एक करा, आवाज थोडा कमी करा आणि स्क्रीन पालथी ठेवा. कारण आजचा विषयच झोप आहे.

पण रोजची झोप नाही. दिवसभर वॉटर स्पोर्ट्स केल्यानंतरची झोप.

पावसाळा संपला, समुद्र शांत झाला की मालवण, तारकर्ली, देवबागकडे गाड्या सुटतात. ठरलेला कार्यक्रम असतो. शुक्रवारी ऑफिस संपवून पुण्याहून निघायचं, रात्रभर प्रवास, पहाटे घाट उतरायचा, सकाळी होमस्टेवर बॅगा टाकायच्या आणि थेट होडीत. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्कूबा, मग बनाना राइड, बंपर राइड, जेट स्की, कुणाला हौस असेल तर पॅरासेलिंग. संध्याकाळपर्यंत अंग असं आंबतं की जिना चढताना पाय उचलत नाहीत. सगळे एकच वाक्य बोलतात, "आज काय, पडल्या पडल्या झोप!"

आणि रात्री साडेअकराला दिवा बंद केला की गंमत सुरू. डोळे जळतायत पण मिटत नाहीत. खांद्यांची आग होतेय, त्यामुळे पाठीवर झोपता येत नाही. कुशीवर वळलं की दंड दुखतो. डोळे मिटले की पलंग होडीसारखा हलतोय. घसा कोरडा पडलाय म्हणून पाणी प्यायचं, मग तासाभराने लघवीला उठायचं. शेवटी दोनला डोळा लागतो आणि सहाला कुणीतरी उत्साही मित्र दार वाजवतो, "चला रे, डॉल्फिन बघायला!"

तर थकवा आणि झोप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण समजतो की शरीर दमलं की झोप आपोआप येते. साध्या थकव्यात येतेही. पण दिवसभर ऊन, मीठ, लाटा आणि थरार एवढं सगळं झाल्यावर शरीर दमलेलं असतं आणि जागंही असतं. बनाना राइड उलटते तेव्हा पोटात जो गोळा येतो ना, तो अ‍ॅड्रेनलिनचा खेळ. असे दहा-बारा गोळे दिवसभरात आले की शरीराला "आता काही धोका नाही, झोप बाबा" हे पटायला वेळ लागतो. त्यात आतलं तापमान. झोप लागायच्या आधी शरीर स्वतःला थंड करायला घेतं, रात्रभरात आतलं तापमान साधारण एका अंशाने उतरतं. ही उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः हातापायांच्या त्वचेतून. आणि आपण तीच त्वचा दिवसभर भाजून आणलेली असते.

म्हणून झोपेची तयारी रात्री अकराला करून उपयोग नाही. ती दुपारी तीनलाच सुरू करायची.

सगळ्यात आधी पाणी. तुम्ही म्हणाल, दिवसभर पाण्यातच तर होतो! तीच तर मेख आहे. आपण गळ्यापर्यंत पाण्यात उतरतो तेव्हा पाण्याच्या दाबाने हातापायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं. पाणी गार असेल तर आणखी. शरीराला वाटतं, अरे, आत द्रव फारच जास्त झालाय. मग ते मूत्रपिंडांना सांगतं, काढा बाहेर. म्हणून पाण्यात गेल्यावर सारखी लघवीला लागते. वर ऊन, वर घाम. पाण्यात असल्याने तो घाम आपल्याला जाणवतही नाही. त्यात दोन-चार घोट खारं पाणी पोटात गेलेलं. म्हणजे दिवसभर पाण्यात राहून आपण संध्याकाळी कोरडे ठणठणीत. मग डोकं ठणकतं, पायात गोळे येतात, छाती धडधडते. अशा अवस्थेत गाढ झोप कुठून येणार?

पण म्हणून झोपायच्या आधी एकदम दीड लिटर ढोसू नका. रात्र उठण्यातच जाईल. तीन ते आठच्या दरम्यान थोडं थोडं प्या. नारळपाणी, लिंबू सरबत, ओआरएस, काहीही. लघवीचा रंग फिकट पिवळा झाला की समजा जमलं. आठनंतर घोटाघोटाने.

त्वचेबद्दल. उन्हाने भाजलेल्या कातडीची आग साधारण १२ ते २४ तासांत सगळ्यात जास्त होते. म्हणजे दुपारी काहीच वाटत नाही आणि नेमकी रात्री अंथरुणात आग उसळते. खरा उपाय सकाळीच करायचा असतो, लांब बाह्यांचा पोहायचा टी-शर्ट आणि दर दोन तासांनी परत सनस्क्रीन. नुसतं सकाळी एकदा चोपडून भागत नाही. भाजलंच असेल तर किनाऱ्यावरून आल्या आल्या गोड्या पाण्याने अंघोळ करा, मीठ आणि वाळू पूर्ण जाऊ द्या. मीठ राहिलं की रात्री खाज सुटते. भाजलेल्या जागी गार पाण्याच्या घड्या ठेवा, कोरफडीचा गर चालतो. बर्फ थेट घासू नका, टूथपेस्ट तर अजिबात नको. फोड आले, ताप-थंडी वाजायला लागली तर घरगुती उपाय पुरे, डॉक्टर गाठा.

आणि ज्यांची त्वचा भाजलेली नाही त्यांच्यासाठी एक छान गोष्ट. झोपायच्या एक-दीड तास आधी दहा मिनिटं कोमट-गरम पाण्याची अंघोळ. ऐकायला उलटं वाटतं, पण गरम पाण्याने हातापायांतल्या रक्तवाहिन्या सैल होतात, उष्णता बाहेर पडते आणि मग शरीर आतून लवकर थंड होतं. आपल्याकडे दमून आलेल्याला कढत पाण्याची बादली देतात, त्यात शहाणपण आहे.

आता पलंग हलतो त्याचं काय? घाबरायचं काही नाही. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो. दिवसभर लाटांवर राहून मेंदूने त्या हेलकाव्यांशी जमवून घेतलेलं असतं. जमिनीवर आल्यावर तो जुळवून घेणं लगेच सोडत नाही. डोळे उघडे असतात तोवर भिंती, दरवाजे दिसतात म्हणून कळत नाही. डोळे मिटले की सुरू. बहुतेकांचं काही तासांत जातं, कुणाकुणाचं दिवस-दोन दिवस राहतं. संध्याकाळी मोबाइल खोलीत ठेवून अर्धा-पाऊण तास पक्क्या जमिनीवर चाला, दूरवर नजर टाकत. त्याने खूप फरक पडतो. आंबलेले पायही मोकळे होतात. होडी लागू नये म्हणून गोळी घेतली असेल तर ती मुळात गुंगी आणणारी असते, तिच्यावर दारू नको.

दारूचा विषय निघालाच आहे तर बोलून टाकतो. मी काही कुणाचा काका नाही. पण बिअरने झोप येते हे अर्धंच खरं. लवकर लागते, बरोबर. पण मध्यरात्रीनंतर, दारू उतरायला लागली की झोपेचे तुकडे होतात. स्वप्नांची झोप कमी होते, घोरणं वाढतं आणि आधीच कोरडं शरीर आणखी कोरडं पडतं. सकाळी परत पाण्यात उतरायचं असेल तर ही रात्र चुकवा.

जेवण हा माझा आवडीचा भाग! मालवणात येऊन तिखट खाऊ नका असं सांगणारा माणूस मार खाईल. पण तिखट रस्सा, तळलेला मासा, वर वडे, हे सगळं रात्री दहाला खाऊन साडेदहाला आडवं झालात तर छातीत जळजळ ठरलेली. होमस्टेच्या काकूंना दुपारीच सांगा, "काकू, आज साडेसातला जेवू." त्यांनाही बरं वाटतं. तिखट दुपारी हाणा, रात्री भात, साधी आमटी, थोडा मासा, सोलकढी. आणि चहा-कॉफी दुपारी तीननंतर बंद. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं पाच-एक तासांनंतरही अंगात असतं. संध्याकाळी सहाचा कडक चहा अकराला तुमच्या उशाशी बसलेला असतो.

मग उरतो मोबाइल. इथे मी उपदेश करणार नाही, एवढंच म्हणतो की गोप्रोचं फुटेज उद्याही तिथेच असणार आहे. रात्री बारा वाजता रील कापत बसलं की स्क्रीनचा उजेड एक, आणि दुसरं म्हणजे आपण तोच थरार परत जगतो. जेमतेम शांत झालेलं शरीर पुन्हा बनाना राइडवर!

इथवर सगळं आरामाचं बोललो. आता जरा नीट ऐका. पाण्यातून आलेला माणूस गुंगलाय, कोपऱ्यात पडलाय, आणि बाकीचे म्हणतात, "दमलाय रे, झोपू दे त्याला." बहुतेक वेळा ते बरोबर असतं. काही वेळा नसतं. ज्याच्या नाकातोंडात बरंच पाणी गेलं होतं, ज्याला पाण्यातून ओढून काढावं लागलं, आणि आता तो सतत खोकतोय, धाप लागतेय, छाती भरल्यासारखी वाटतेय किंवा विचित्र सुस्त झालाय, त्याला झोपवायचं नाही. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास पुढच्या काही तासांत वाढू शकतो. डोक्याला वल्हं किंवा होडीची कड लागली होती आणि आता उलट्या होतायत, बोलणं असंबद्ध झालंय, तेही तसंच. स्कूबानंतर सांधे दुखतायत, हातपाय बधिर वाटतायत, चक्कर येतेय, तर सकाळची वाट बघू नका आणि दवाखान्यात स्कूबा केलं होतं हे आवर्जून सांगा. १०८ ला फोन करा, नाहीतर जवळचं रुग्णालय गाठा. या लोकांना झोप नको, डॉक्टर हवा.

स्कूबाचं आणखी एक. परतीचं विमान असेल तर मध्ये अंतर ठेवा. एकदाच डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास, एकाहून जास्त केल्या असतील तर किमान १८ तास. म्हणजे ती रात्र किनाऱ्यावरच काढायची. तसाही झोपेचा फायदाच.

आणि आता ज्यासाठी मी खरं तर हा भाग करायला घेतला ते. परतीचा प्रवास.

कोलाडचं उदाहरण घेऊ, कारण ते मुंबई-पुण्याला जवळ म्हणून लोक एका दिवसात उरकतात. कुंडलिका नदीत राफ्टिंग होतं ते भिऱ्याच्या वीज प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यावर. पाणी सकाळी सुटतं, म्हणून राफ्ट सकाळीच निघतात. म्हणजे तुम्ही पहाटे चारला उठलेले. खरं सांगायचं तर आदल्या रात्री उत्साहात बाराला झोपलेले. सकाळी वल्ही मारली, दुपारी कयाक, झिपलाइन, जेवण, गप्पा. निघता निघता सात वाजतात. रात्री नऊला तुम्ही ताम्हिणी घाटात किंवा मुंबई-गोवा महामार्गावर स्टेअरिंगवर आहात आणि सलग १७ तास जागे आहात. सलग १७ तास जागलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया मोजल्या तर त्या रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतक्या मंद झालेल्या दिसतात. आपल्या कायद्यात गाडी चालवण्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे थेंबभरही न पिता तुम्ही त्या मर्यादेपलीकडच्या माणसासारखे चालवताय. आणि नाकाबंदीचं यंत्र यात काही पकडत नाही.

ताशी ८० च्या वेगात तीन सेकंद डोळा लागला तर गाडी ६६ मीटर पुढे गेलेली असते, ड्रायव्हरशिवाय. घाटात ६६ मीटर म्हणजे एक वळण.

काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं, याने पाच-दहा मिनिटं बरं वाटतं, झोप जात नाही. जांभया येतायत, मागचे दोन किलोमीटर कसे गेले आठवत नाही, गाडी पांढऱ्या पट्ट्यावर जातेय, ही लक्षणं दिसली की थांबायचं. कडेला अंधारात नाही, ढाब्यावर किंवा पेट्रोल पंपावर, उजेडात. चहा प्यायचा आणि लगेच २० मिनिटांचा गजर लावून सीटवर डोळे मिटायचे. चहाचा असर व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे दोन्ही एकदम कामाला येतात. मग दुसऱ्याने चालवायचं, आणि शेजारी बसणाऱ्याने झोपायचं नाही, गप्पा मारायच्या. पण हा निभावून न्यायचा उपाय झाला.

सरळ उपाय म्हणजे त्या रात्री मुक्काम. एका खोलीचं भाडं चौघांत वाटलं तर कितीसं येतं? ग्रुपमध्ये एक असतोच जो म्हणतो, "अरे निघू या, बाराला घरी पोचू, सकाळी मीटिंग आहे." त्याला हा भाग आधीच पाठवून ठेवा. मालवणहून पुणं पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे, मध्ये घाट. दिवसभर पाण्यात राहून हे अंतर रात्री तोडायला निघू नका. सोमवारी पहिला अर्धा दिवस सुट्टी टाका, शक्य असेल तर ट्रिप शनिवार-रविवारऐवजी शुक्रवार-शनिवार करा आणि रविवारी उजेडात, निवांत नाश्ता करून निघा. गाडी भाड्याची असेल तर ड्रायव्हरदादांनाही रात्री झोपायला नीट जागा द्या, गाडीत नाही. आपण पाण्यात असतो तेव्हा ते उन्हात गाडीत बसलेले असतात, आणि घाटात आपण सगळे त्यांच्याच भरवशावर असतो.

बरं, ट्रिप ठरली असेल तर आजच ग्रुपवर विचारून ठेवा, परतीच्या आदल्या रात्री कोण गाडी चालवणार आहे आणि तो किती वाजता झोपणार आहे. पुढच्या भागात भेटू. ज्यांनी हे अंथरुणात ऐकलं त्यांना शुभ रात्री.