टोपलीतील खेकडा आणि वाळूतील खेकडा



मराठी माणसाविषयीचा टोपलीतील खेकड्यांचा दृष्टान्त समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या मुरारमध्येही सर्वांना ठाऊक आहे. म्हणे त्या टोपलीला झाकण लागत नाही. एक वर चढू लागला की दुसरा त्याचा पाय ओढतो. हा दृष्टान्त सांगणाऱ्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: खेकडा टोपलीत जन्मतो काय? प्राण्याचा स्वभाव जाणावयाचा तर त्याच्या घरी जावे लागते.

कोकणात गुहागर, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर दिवस मावळताना वाळूच्याच रंगाचा एक फिकट खेकडा बाहेर पडतो. दिसतो न दिसतो तोच नाहीसा होतो. म्हणून इंग्रजीत त्याच्या नावाला भूत चिकटले. शास्त्रीय नाव ‘ऑसिपोडी’, म्हणजे चपळ पायांचा. देठांवरील डोळ्यांमुळे त्याची नजर चहूकडे फिरते.

हा खेकडा हवेत श्वास घेतो, परंतु कल्ले ओले असतील तरच. म्हणून तो खाली ओल लागेपर्यंत वाळू खणतो. मोठ्या खेकड्याचे बीळ मीटरभर खोलही जाते. पायांच्या बुंध्याशी असलेल्या केसांच्या झुबक्यांनी तो ओल्या वाळूतील पाणी कल्ल्यांपर्यंत शोषून घेतो. ज्याने समुद्र सोडला, पण ओल सोडली नाही, असा हा जीव. भरतीने बिळाचे तोंड बुजले की तो पुन्हा खणावयास लागतो. प्रजेसाठी मात्र त्याला समुद्राकडेच जावे लागते. मादी पोटाखाली अंडी वाहते आणि पिले लाटांत सोडते. काही आठवडे पाण्यात वाढून ती किनारा गाठतात.

येथे प्रत्येकाचे बीळ स्वतंत्र. याच जातकुळीतील एक लाल खेकडा बंगालच्या उपसागराकाठी राहतो. तो आपल्या मोठ्या नांगीवरील दातेरी कंगोरा घासून आवाज काढतो. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील अल्फ्रेड अल्कॉक यांनी १८९२ साली या आवाजाच्या साधनावर लिहिले. ‘घर रिकामे नाही’ अशी ती परक्याला सूचना असते, असे मानले जाते. टोपलीत मात्र खणावयास वाळू नसते. तेथे हाती लागेल ते धरावे लागते, आणि हाती लागतो तो शेजाऱ्याचा पाय. तो द्वेष म्हणावा की आधाराचा शोध?

आज हे घरच धोक्यात आहे. किनाऱ्यावर धावणारी वाहने, वाळूचा उपसा, लाटा अडविणाऱ्या भिंती यांनी बिळे मोडतात. म्हणूनच अनेक देशांतील अभ्यासक बिळांची तोंडे मोजून किनाऱ्याचे आरोग्य ताडतात. वाळू गेली की खेकड्यापुढे टोपलीच उरते.

राहता राहिला मराठी माणूस. ज्या ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त ही सभा भरली आहे, ते शंभर वर्षे पाय ओढण्याने टिकले नाही. प्रत्येक भरतीनंतर कोणीतरी पुन्हा वाळू उपसली, म्हणून ते टिकले. दृष्टान्त द्यावयाचाच तर यापुढे टोपलीतला नको, वाळूतला द्यावा.