भांगेंतील औषध आणि घरांतील आजारी मूल

परभणी जिल्ह्याच्या शिवारांत अंबाडी ओळखीत नाहीं असा माणूस विरळाच. तिच्या कोंवळ्या पाल्याची भाजी ज्वारीच्या भाकरीबरोबर ताटांत येते आणि सालीच्या वाखाचे दोर वळले जातात. वनस्पतिशास्त्रांत तिचें नांव हिबिस्कस कॅनाबिनस असें आहे. त्यांतील दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'भांगेसारखी'. पान पसरलेल्या बोटांच्या पंजासारखें, म्हणून तें भांगेच्या पानाची आठवण देतें. परंतु अंबाडी जास्वंदीच्या कुळांतली, आणि भांगेचें कूळ अगदीं निराळें. पानें सारखीं दिसलीं म्हणून गुण सारखे होत नाहींत. आजच्या विषयांत ही गोष्ट पुन्हां आठवावी लागेल. कारण भांगेच्या एकाच झाडांत दोन द्रव्यें अशीं आहेत कीं, तीं जुळ्या भावंडांसारखीं दिसतात, पण एक माणसाला झिंग आणतें व दुसरें आणीत नाहीं. या दुसऱ्या द्रव्याचें नांव कॅनाबिडिऑल.

हा विषय केवळ प्रयोगशाळेचा राहिलेला नाहीं. जिंतूर किंवा गंगाखेड येथील एखादें घर डोळ्यांपुढें आणावें. चार वर्षांच्या मुलाला वरचेवर आंकडी येते. दोन औषधें चालू आहेत, तरी ती पुरती थांबत नाहीं. आई रात्र रात्र अंथरुणाशेजारीं बसून असते. अशांत पुण्याचा कोणी आप्त 'भांगेचें तेल' म्हणून एक बाटली धाडतो. आजी म्हणते, "महादेवाची वनस्पति ती, तिनें अपाय कसा होईल?" बापाच्या मनांत येतें कीं, पहिलीं औषधें बंद करावीं आणि हेंच देऊन पाहावें. त्या घराला उत्तर काय द्यावें?

भांगेचा औषधी उपयोग नवा नाहीं. आयुर्वेदांत तिला विजया म्हणतात. जीं द्रव्यें पचण्यापूर्वींच सर्व शरीरांत पसरतात, त्यांचें उदाहरण म्हणून शार्ङ्गधरसंहितेंत भांग व अफू यांचीं नांवें दिलीं आहेत. गोव्यांत १५६३ सालीं छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथांत गार्सिया द ऑर्टा या पोर्तुगीज वैद्यानेंही भांगेचें वर्णन केलें. पुढें १८३९ सालीं कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टर विल्यम ओ'शॉनेसी यांनीं प्रथम जनावरांवर व मग रोग्यांवर तिचे प्रयोग करून ते विद्वानांपुढें मांडले. त्यांत संधिवात व धनुर्वात यांचे रोगी होते. आणि आंकडीनें ग्रासलेली चाळीस दिवसांची एक तान्ही मुलगीही होती. ती मुलगी बरी झाली. परंतु एका मुलीला आलेला गुण म्हणजे शास्त्राचा निर्णय नव्हे. त्या अर्कांत नेमकें कोणतें द्रव्य काम करीत होतें, हें जाणण्याचें साधन त्या काळीं नव्हतें. शिवाय प्रत्येक वेळचा अर्क सारख्याच बळाचा निघत नसे.

तें साधन पुढच्या शतकांत लाभलें. १९४० सालीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत रॉजर अ‍ॅडम्स यांनीं कॅनाबिडिऑल वेगळें काढलें. त्याची घडण १९६३ सालीं इस्राएलमधील राफाएल मेशूलम व त्यांचे सहकारी यांनीं उलगडून दाखविली, आणि दुसऱ्याच वर्षीं झिंग आणणाऱ्या टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल या द्रव्याचा छडा लागला. दोहोंच्या रेणूंत कार्बनचे २१, हायड्रोजनचे ३० आणि ऑक्सिजनचे २ अणु आहेत. फरक आहे तो केवळ मांडणीचा. 'नदी'चीं अक्षरें उलटलीं कीं 'दीन' होतें, तसाच हा प्रकार. मेंदूंत झिंगेचें द्रव्य ज्या जागीं जाऊन बसतें, त्याच जागीं बसणारें एक द्रव्य शरीर स्वतःच तयार करतें, असें १९९२ सालीं आढळून आलें; शोधकांनीं आपल्याच 'आनंद' या शब्दावरून त्याला आनंदामाइड हें नांव दिलें. कॅनाबिडिऑल त्या जागीं नीटसें बसत नाहीं, म्हणून झिंग येत नाहीं. तें आंकडी कशी आवरतें, याचा उलगडा मात्र अद्यापि पुरता झालेला नाहीं.

औषधाची खरी कसोटी रोग्यांवरील चाचणींत लागते. ब्राझीलमध्यें १९८० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा चाचणींत ८ रोग्यांना हें द्रव्य दिलें. त्यांपैकीं ४ जणांची आंकडी जवळजवळ थांबली. संख्या थोडी होती, म्हणून मोठ्या पुराव्याची वाट पाहणें भाग होतें. तो २०१७ सालीं मिळाला. ड्राव्हे नांवाच्या, बालपणींच जडणाऱ्या अपस्माराच्या १२० रुग्णांना दोन गटांत वांटलें. एका गटास वजनाच्या दर किलोमागें रोज २० मिलिग्रॅम कॅनाबिडिऑल दिलें. दुसऱ्यास दिसण्यांत तसेंच, पण औषधाविना द्रावण. १४ आठवड्यांत पहिल्या गटांतील आंकडीचें महिन्याचें मध्यम प्रमाण १२.४ वरून ५.९ वर आलें, दुसऱ्यांत १४.९ वरून १४.१ वर. यानंतर जून २०१८ मध्यें अमेरिकेच्या औषधनियंत्रकांनीं ड्राव्हे व लेनॉक्स-गॅस्टो या दोन विकारांसाठीं शुद्ध कॅनाबिडिऑलला मान्यता दिली, आणि २०२० सालीं ट्यूबरस स्क्लेरोसिस हा तिसरा विकार त्यांत घातला.

यांतील दोन गोष्टी त्या बापानें ध्यानांत धराव्या. पहिली ही कीं, चाचणींतील रुग्णांचीं पूर्वींचीं औषधें बंद केलेलीं नव्हतीं. नवें औषध त्यांच्या जोडीला दिलें होतें. अपस्माराचें औषध एकाएकीं तोडलें तर आंकडी थांबण्याऐवजीं एकामागून एक येऊं लागते, आणि त्यांत जीवही जाऊं शकतो. दुसरी ही कीं, कॅनाबिडिऑल निरुपद्रवी नाहीं. गुंगी, जुलाब व अन्नावरील वासना उडणें हे त्याचे नित्याचे उपद्रव होत. व्हॅल्प्रोएट चालू असतां यकृतास इजा पोंचण्याचा संभव वाढतो. क्लोबाझामबरोबर दिल्यास त्या औषधाचा अंश रक्तांत चढून मूल सुस्त पडतें. हीं दोन्ही औषधें आपल्याकडे नित्य लिहून दिलीं जातात.

आतां बाटलीचा हिशेब पाहूं. मूल १५ किलो वजनाचें असेल, तर वरील चाचणीच्या मानानें त्यास रोज ३०० मिलिग्रॅम लागतील. बाटलींत एकंदर १००० मिलिग्रॅम द्रव्य असल्यास ती चौथ्या दिवशींच संपेल. रोज चार थेंब देणाऱ्या घरांत चाचणींतील औषध दिलेंच जात नाहीं, तर केवळ त्याचें नांव दिलें जातें. शिवाय लेबलावर विसंबावें तरी कसें? २०१७ सालीं अमेरिकेंत संकेतस्थळांवरून घेतलेलीं ८४ उत्पादनें तपासलीं, तेव्हां २६ उत्पादनांवरीलच आंकडा खरा निघाला. आणि १८ उत्पादनांत झिंगेचें द्रव्यही सांपडलें.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यांत चरस व गांजा, म्हणजे राळ व फुलोरा, येतात. नुसतीं पानें त्या व्याख्येबाहेर आहेत. तथापि महाराष्ट्रांत १९४९ च्या दारूबंदी कायद्याचीं बंधनें भांगेवर आहेत. डिसेंबर २०२० मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानें भांगेला सर्वांत कडक यादींतून वगळलें व भारतानेंही त्या बाजूनें मत दिलें. त्यामुळें संशोधनाची वाट रुंद झाली, बाजार मोकळा झाला असें नव्हे. जम्मू येथील सरकारी संशोधनसंस्थेंत या वनस्पतीचा औषधी अभ्यास चालू आहे. झोंप, चिंता, सांधेदुखी, कर्करोग अशा नाना व्याधींसाठीं जे दावे कानीं येतात, त्यांना मात्र वरच्यासारखा भक्कम आधार अजून लाभलेला नाहीं.

म्हणून त्या घरानें बाटली फेंकून देण्याचीही घाई करूं नये आणि उघडण्याचीही करूं नये. ती घेऊन, चालू औषधांच्या चिठ्ठ्या व आंकडीच्या तारखांची वही बरोबर ठेवून, मुलाला मेंदूविकारांच्या तज्ज्ञाकडे न्यावें. अपस्मार कोणत्या जातीचा, हें आधीं ठरावें. उत्तर त्यावर अवलंबून आहे. तोंवर चालू औषधाची एकही मात्रा चुकूं देऊं नये. आजीच्या श्रद्धेला यांत बाध नाहीं. वनस्पति महादेवाची असो; मात्रा तज्ज्ञानें ठरविलेलीच असावी.