पेन्सिलीआधीची बोटं



जून उजाडला की शहरातल्या सिडको-हडको वसाहतींत घराघरांत नवी पेन्सिल येते आणि साडेतीन वर्षांच्या पोराच्या हातात दिली जाते. घरच्यांना 'अ' गिरवलेला बघायचा असतो. पोर पेन्सिल मुठीत धरतं, कागद फाटतो आणि 'याचं लक्षच नाही' असा शेरा मिळतो.

लक्षाचा इथे काही संबंध नसतो. मनगटात 8 लहान हाडं असतात. जन्मताना ती सगळी कूर्चेची असतात, मग वर्षागणिक एकेक पक्कं होत जातं. शेवटच्याची पाळी साधारण नवव्या ते बाराव्या वर्षी येते. तीन बोटांच्या चिमटीत पेन्सिल नीट धरणं बहुतेक मुलांना चार ते सहा वर्षांच्या दरम्यान जमतं. तोवर बोटांना दुसरं काही काम द्यायला हवं.

ते काम दुकानातून विकत आणायचं असतं, ही समजूत अलीकडची. मारिया माँटेसरींनी 1907 साली रोममध्ये पहिलं बालगृह उघडलं. बटणं लावायच्या, नाड्या बांधायच्या त्यांच्या चौकटी सुबक होत्या, पण आपल्याकडच्या खेड्याला परवडणाऱ्या नव्हत्या. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. 1957 साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या आदिवासी मुलांसाठी शिंपले, बिया, पानं, खडे हेच साहित्य ठरलं. पद्धत माँटेसरींची, सामान परिसरातलं.

मराठवाड्याला तर शिंपलेसुद्धा शोधायला नकोत. इथे शाळू आहे. ज्वारी निघाली की धांड्याची बैलगाडी करणं हा गावाकडच्या पोरांचा जुना उद्योग. धांडा सोलायचा, साल वेगळी, आतला पांढरा गाभा वेगळा. गाभ्याचे तुकडे पाडायचे, सालीच्या बारीक काड्या त्यांत खुपसून साटा जोडायचा, पट्टी वाकवून चाक करायचं. गंमत इथेच आहे: गाभा जोरात धरला की चेपतो, सैल धरला की काडी निसटते. किती जोर लावायचा हे बोटांना आपोआप कळत जातं; कोणी सांगावं लागत नाही. सालीला मात्र धार असते, ती मोठ्यांनीच सोलून द्यावी.

धांडा मिळाला नाही तर घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतोच. त्याच्या पट्ट्या कापून एकीखालून दुसरी घातली की कागदी चटई विणता येते. कात्री अजून जमत नसेल तर जुनं वर्तमानपत्र नुसतं फाडू द्या. कपटे कणकेच्या खळीने चिकटवले की झालं चिकटकाम. भेंडीचं देठ कापून रंगात बुडवलं की फुलाचे ठसे उठतात. मणी, चिंचोके ओवायला द्यायचे तर समोर बसा. तीन वर्षांखालच्या मुलांना ते देऊच नका. नाकात किंवा घशात जायला वेळ लागत नाही.

यातलं काहीही करताना एक पथ्य पाळा. चटई वाकडी झाली म्हणून आईने ती सरळ करून देऊ नये. बालवाडीच्या प्रदर्शनात टापटीप वस्तू दिसली की ती कोणाच्या हातची, हे बघणाऱ्याला बरोबर कळतं.

आणि पोळा. श्रावणातल्या अमावस्येच्या आधी शहरात गुलमंडी, औरंगपुऱ्याकडे मातीच्या बैलजोड्या विकायला येतात. माती मळताना अख्खा तळवा कामाला लागतो, शिंगं ओढून काढताना फक्त बोटांची टोकं. दोन्ही व्यायाम एकाच बैलात. यंदा तयार जोडी जरूर घ्या, कुंभाराचाही सण आहे. पण त्याच्याकडून दोन मुठी ओली मातीही मागून आणा, आणि तिसरा बैल घरच्या पोराला करू द्या.