वजाबाकीतलं अलिबाग

निवेदकांनी 'वक्ते अलिबागहून आले आहेत' असं सांगितलं आणि मागच्या रांगांत खसखस पिकली. पिकू द्या! आज त्याचीच भरपाई करून घेणार आहे.

विषय विषुववृत्ताजवळच्या चुंबकत्वाचा. होकायंत्र शाळेत झालंय, ते सोडू. ऊन चढलं की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक वाढतो, दुपारच्या सुमारास कळस गाठतो, सांजेला उतरतो. आपल्याकडे ही वाढ लहान. तिरुनेलवेलीला दुपटीहून जास्त. का? ते चुंबकीय विषुववृत्तालगत आहे, आणि तिथे बलरेषा जमिनीला समांतर असतात. शंभरेक किलोमीटर उंचीवर वर-खाली जाऊ पाहणारा प्रवाह त्यामुळे अडतो, भार साचतो, आणि तो भार पूर्वेकडच्या प्रवाहाला आणखी रेटतो. अरुंद पट्टा, दोन्ही बाजूंना तीनेक अंशांचा. 1951मध्ये सिडनी चॅपमननी या प्रवाहाचं 'विषुववृत्तीय विद्युतझोत' असं नामकरण केलं. रॉकेट तळासाठी थुंब्याची जागा निवडली तीही या चुंबकीय विषुववृत्तापायीच. 1963 साली तिथून पहिलं रॉकेट उडालं.

पण तिरुनेलवेलीचं यंत्र सगळंच मोजतं: हा झोत, दूरवर पसरलेले इतर प्रवाह, सौरवादळांचे धक्केही. नुसता झोत हवा, तर पट्ट्याबाहेरच्या ठाण्याची नोंद वजा करावी लागते. ते ठाणं कोणतं? हसलात ना मघाशी?

आता थोडं विषयांतर. कुलाब्याच्या वेधशाळेत 1841पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. 1859चं सौर महावादळ तिथल्या कागदावर उतरलं. मग मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या विजेनं सुई बिथरणार! म्हणून 1904 साली बिऱ्हाड अलिबागला. बांधकाम पोरबंदरी दगडाचं, आत लोखंड वर्ज्य. खिळासुद्धा चालणार नाही. आणि वेधशाळेचे तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी काय केलं? कुलाबा लगेच बंद केलं नाही. 1906पर्यंत दोन्हीकडे मोजत राहिले, म्हणजे जुनी आणि नवी नोंद एकमेकांना जोडता येईल. लग्नाआधी दोन्ही घरची माणसं ताडून बघतात तसं. आमच्या घरात एवढी चिकाटी कुणी दाखवली असती, तर...

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटं.' मूसांना कुणी चिठ्ठी दिली नसेल!

तर पुन्हा झोताकडे, त्याच्या ऋतूंकडे. झोत मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या विषुवकाळात जास्त जोरकस. आणि काही दिवशी, विशेषतः सूर्याची सक्रियता मंद असताना, जूनच्या आसपासच्या दुपारी, तो चक्क उलटा पश्चिमेकडे वाहतो. त्याला प्रतिझोत म्हणतात. हे कळतं तेही त्याच वजाबाकीतून. वादळांवर सिनेमे निघतात; एकसारख्या शांत दिवसांची नोंद शतकाहून अधिक ठेवणाऱ्यांवर कुणी काढत नाही. मला विचाराल तर...

हो, हो, थांबतो. शेवटची एसटी मलाही गाठायचीय. प्रश्न बाहेर, चहाला. फक्त तो एक प्रश्न विचारू नका.